इंजिन खरेच तापते का? – संगणकावरच्या विमानांची एक तपासणी

संगणकाच्या पडद्यावर एक छोटे विमान उभे होते. इंजिन बंद होते. समोरच्या तबकड्यांपैकी एकीवर 'मॅनिफोल्ड दाब' असे नाव होते आणि तिचा काटा २८ वर होता. अकरावीतल्या एका मुलाने चावी फिरवली. प्रोपेलर फिरू लागला आणि तो काटा सरकन खाली येऊन १२ च्या जवळ थांबला. "सर, हा काटा उलटा बसवलाय," मुलगा म्हणाला.

त्याची शंका रास्त होती. इंजिन बंद असताना दाब जास्त आणि चालू झाल्यावर कमी, हे कसे? आम्ही उत्तर दिले नाही. सुई काढलेली इंजेक्शनची सिरिंज त्याच्या हातात दिली. पुढच्या भोकावर बोट ठेवून दट्ट्या मागे ओढायला सांगितले. दट्ट्या जड लागला, बोटाची कातडी आत ओढली गेली. मग बोट थोडे सैल करून पुन्हा ओढायला सांगितले. आता दट्ट्या हलका लागला. इंजिनातले पिस्टन हेच करतात. सिलिंडरांकडे हवा नेणारी नळी म्हणजे मॅनिफोल्ड, आणि तिच्या तोंडाशी असलेली थ्रॉटलची झडप म्हणजे ते बोट. इंजिन थांबलेले असताना नळीतली हवा बाहेरच्या हवेसारखीच असते, म्हणून काटा वातावरणाचा दाब दाखवतो. समुद्रसपाटीला हा दाब पाऱ्याचे सुमारे ३० इंच असतो. आमचे विमान पुण्याच्या धावपट्टीवर, म्हणजे जवळजवळ सहाशे मीटर उंचीवर उभे होते, म्हणून २८. झडप जवळजवळ बंद ठेवून इंजिन मंद चालू केले की पिस्टन हवा ओढत राहतात, नळीत निर्वाताकडे झुकणारी स्थिती येते आणि काटा पडतो. काटा उलटा बसवलेला नव्हता. बंद इंजिनाच्या विमानात तो चक्क वायुभारमापकाचे काम करत होता.

या एका काट्यामुळे आम्ही काही महिने एका उद्योगात गुंतलो. विमान उडवण्याचा अनुभव देणारे संगणकाचे कार्यक्रम, म्हणजे फ्लाइट सिम्युलेटर, आता पुष्कळ घरांत आणि काही शाळांच्या संगणकखोल्यांत पोचले आहेत. त्यांतले बरेच जण "खऱ्यासारखे इंजिन" असा दावा करतात. प्रोपेलरच्या विमानाचे पिस्टन इंजिन सांभाळणे हे पदार्थविज्ञान शिकवण्याचे उत्तम साधन होऊ शकते. दाब, घनता, ज्वलन, उष्णतेचे वहन, घर्षण हे सारे त्यात एकत्र येते. पण ते साधन विद्यार्थ्याला कारणे शिकवते की फक्त नियम पाळायला लावते? आमची तपासणी या एका प्रश्नाची होती.

तीन दांड्या

बहुतेक मोटारींत वेगासाठी एकच पायटा असतो. जरा मोठ्या प्रोपेलर विमानात मात्र तीन दांड्या असतात. काळी दांडी थ्रॉटलची, निळी प्रोपेलरची आणि लाल मिश्रणाची.

काळ्या दांडीचे काम वर आलेच. निळी दांडी प्रोपेलरचे फेरे ठरवते. सायकलच्या गिअरचे उदाहरण इथे मुलांना चटकन पटते. पात्यांचा कोन कमी असेल तर पाती हवा थोडी थोडी कापतात आणि भराभर फिरू शकतात. कोन वाढवला तर प्रत्येक फेऱ्याला जास्त हवा ढकलावी लागते आणि फेरे कमी होतात. चालकाने मिनिटाला २३०० फेरे ठरवून दिले की गव्हर्नर नावाचे यंत्र ते टिकवून धरते. त्यात फिरणारी वजने असतात. फेरे वाढू लागले की ती बाहेर फाकतात, ऑइलचा प्रवाह बदलतो आणि त्याच्या दाबाने पात्यांचा कोन वाढतो. वाफेच्या इंजिनावरचा वॅटचा गव्हर्नर ज्यांनी शिकवला आहे त्यांना हा जुना मित्र ओळखीचा वाटेल. याचा एक परिणाम लक्षात ठेवण्याजोगा आहे. अशा विमानात थ्रॉटल पुढे केला तरी फेरे वाढत नाहीत. ताकद वाढल्याचे कळते ते मॅनिफोल्डच्या दाबावरून.

लाल दांडी हवेत पेट्रोल किती मिसळायचे ते ठरवते. वजनाने पाहिले तर एक भाग पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे पंधरा भाग हवा लागते. तीन हजार मीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या जवळजवळ तीन चतुर्थांश उरते. पेट्रोल मात्र जमिनीवर ठरवले तेवढेच येत राहिले तर मिश्रण दाट होते, ताकद घटते, स्पार्क प्लगवर काजळी धरते. म्हणून वर जाताना मिश्रण पातळ करायचे. मग मुले विचारतात, पातळच चांगले असेल तर जमिनीवरून उठताना दाट का ठेवतात? याचे उत्तर त्यांच्या अपेक्षेच्या उलट आहे. पूर्ण ताकदीवर जादा पेट्रोल इंजिनाला गार ठेवते. त्या पेट्रोलला जळायला प्राणवायू उरलेलाच नसतो. त्याची वाफ होताना उष्णता मात्र शोषली जाते. "पेट्रोल जास्त म्हणजे उष्णता जास्त" असे धरून चाललेला विद्यार्थी इथे अडखळतो आणि विचार करू लागतो.

नियम आणि कारण

वैमानिकांना एक क्रम पाठ करायला लावतात. ताकद वाढवायची असेल तर आधी मिश्रण, मग प्रोपेलर, शेवटी थ्रॉटल. कमी करायची असेल तर आधी थ्रॉटल, मग प्रोपेलर. बहुतेक सिम्युलेटरांच्या पुस्तिकांत हा क्रम असतोच. आम्ही पाच मुलांना तो पाठ करून यायला सांगितला. सर्वांनी न चुकता म्हणून दाखवला. "उलट केले तर काय होईल?" याला मात्र एकच उत्तर आले: "इंजिन बिघडेल." का बिघडेल, ते एकालाही सांगता आले नाही.

मग आम्ही घाटाची आठवण करून दिली. खंबाटकीचा चढ टॉप गिअरमध्येच ओढत नेला तर मोटरसायकल कशी ठोके देते? एकाच्या वडिलांकडे मोटरसायकल होती, त्याने आवाज तोंडाने काढून दाखवला. फेरे कमी आणि सिलिंडरात कोंबलेले मिश्रण भरपूर, अशी स्थिती आली की दाब आणि तापमान इतके चढते की मिश्रण ओळीने जळत न जाता त्याचा उरलेला भाग एकदम पेटतो. मेकॅनिक याला नॉकिंग म्हणतात. मोटरसायकलीवर ते ऐकू येते आणि आपण गिअर उतरवतो. विमानात प्रोपेलरच्या आवाजात ते सहसा ऐकूच येत नाही, आणि पिस्टनला भोक पडेपर्यंत वेळ जाऊ शकते. म्हणून आधी फेरे वाढवायचे, मग दाब. कारण कळल्यावर क्रम पाठ करावा लागला नाही.

आता सिम्युलेटरांकडे वळू. त्यांचे आम्ही तीन गट केले.

सोयीचे इंजिन

पहिला गट सर्वांत लोकप्रिय कार्यक्रमांचा. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर १९८२ साली घरगुती संगणकावर आला. त्याच्या २०२० सालच्या आवृत्तीत पृथ्वीचे चित्र थक्क करणारे आहे. आपल्या गावावरून उडत जाता येते, आणि भूगोलाच्या शिक्षकांनी ते जरूर वापरावे. पण त्यातली 'मिश्रण आपोआप' ही सोय चालू केली की लाल दांडी शोभेची उरते. इंजिनावर ताण पडून बिघाड व्हावा की नाही, हेही एका खटक्यावर ठरते. नवशिक्याला या सोयी हव्यातच. पहिल्याच दिवशी कोणी तीन दांड्या सांभाळू शकत नाही. आमची तक्रार सोयींबद्दल नाही. सोय चालू आहे याची आठवण विद्यार्थ्याला कोणी करून देत नाही, ही तक्रार आहे. तीन हजार मीटरवर दाट मिश्रणाने उडूनही इंजिन गुणगुणत राहते, आणि मुलगा समजतो की उंचीचा आणि ज्वलनाचा काही संबंध नाही. चुकीचे उत्तर कोणी शिकवले नाही. प्रश्नच पडू दिला नाही.

या कार्यक्रमांत इतर कंपन्यांनी बनवलेली विमाने बसवता येतात आणि त्यांतली काही फार खोलात जातात. त्यांच्याकडे पुढे येऊ.

घड्याळाचे इंजिन

दुसरा गट युद्धविमानांचा. रशियात तयार झालेल्या 'इल-२ स्टर्मोविक' या खेळात 'गुंतागुंतीचे इंजिन-व्यवस्थापन' असा पर्यायच होता. त्यामुळे अनेकांना प्रथमच कळले की रेडिएटरची झडप, मिश्रण, प्रोपेलर अशा गोष्टी असतात. हे श्रेय त्याला द्यायला हवे. त्याच परंपरेत २०१४ साली स्टालिनग्राडच्या लढाईवरचा खेळ आला. त्यात इंजिनाच्या कमाल ताकदीला वेळेची मर्यादा होती. ती ओलांडून रेटत राहिले की इंजिन बिघडू लागे. पर्याय निवडला तर पडद्यावर तशी सूचनाही येई.

ही मर्यादा कुठून आली? मस्टँग पी-५१डी या अमेरिकी विमानाचे उदाहरण घेऊ. त्याच्या मर्लिन इंजिनाला उड्डाणाच्या वेळी मिनिटाला ३००० फेरे आणि ६१ इंच दाब चालत असे. संकटात ६७ इंचांपर्यंत जायची मुभा होती, पण पाच मिनिटेच. ही पाच मिनिटे पुस्तिकेत खरोखर छापलेली होती. पण त्यांचा अर्थ काय? सहाव्या मिनिटाला इंजिन फुटते असा नव्हे. इंजिनाला घड्याळ कळत नाही. त्याला कळते ते धातूचे तापमान, बेअरिंगवरचा भार, ऑइलचा पातळपणा. पाच मिनिटे ही माणसांनी ठरवलेली रेघ आहे. एवढ्यात राहाल तर इंजिन पुढच्या दुरुस्तीपर्यंत टिकेल असा भरवसा, आणि ओलांडाल तर मेकॅनिकला सांगा, तो तपासणी करील असा संकेत.

खेळाने या रेघेचे स्फोटक बनवले. विद्यार्थ्यावर होणारा परिणाम आम्ही पाहिला. मुले तापमानाच्या काट्याकडे पाहत नव्हती, मनात सेकंद मोजत होती. कडक हिवाळ्यात, रेडिएटर पूर्ण उघडा असताना इंजिन जास्त वेळ टिकेल का, असा प्रश्न कुणी विचारला नाही. विचारून उपयोगही नव्हता.

खेळ बनवणाऱ्यांची बाजूही ऐकायला हवी. अनेक खेळाडू एकमेकांशी लढतात, आणि हरला की दुसऱ्या क्षणी नवे कोरे विमान मिळते. अशा खेळात मर्यादा नसती तर सर्वांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत दांडी पुढेच ठेवली असती. खऱ्या वैमानिकाला तेच विमान उद्या घेऊन जायचे असते. खेळात उद्या नाही, म्हणून उद्याची जागा घड्याळाला द्यावी लागली. युक्ती म्हणून हे समजण्यासारखे आहे. पण "खऱ्यासारखे इंजिन" म्हणून वर्गात दाखवायला ते योग्य नाही.

आठवण असलेले इंजिन

तिसऱ्या गटात अशी विमाने येतात की ज्यांचे इंजिन मागचे उड्डाण विसरत नाही. ए-टू-ए या कंपनीची 'अ‍ॅक्यू-सिम' पद्धतीची विमाने यात प्रसिद्ध आहेत. सेसना १७२ आणि कोमांची २५० ही त्यांतली दोन. काल तुम्ही थंड इंजिन एकदम रेटले असेल तर आज त्याची झीज तशीच असते. उड्डाणापूर्वी विमानाभोवती फिरून ऑइलची पट्टी बघावी लागते, पेट्रोलमध्ये पाणी उतरले आहे का ते तपासावे लागते. इथे उद्या आहे. डीसीएस या कार्यक्रमातले २०१२ चे मस्टँगही रेडिएटर, ऑइल आणि शीतक द्रव यांचा बारकाईने हिशोब करते.

फुकट मिळणाऱ्या फ्लाइटगिअरचा उल्लेख आम्ही मुद्दाम करतो. १९९७ पासून जगभरचे स्वयंसेवक तो घडवत आले आहेत. त्यातल्या सेसना १७२ मध्ये कार्बुरेटरात बर्फ धरणे, ऑइल कमी होणे, पेट्रोलमध्ये पाणी असणे हे पर्याय आहेत. त्याचे चित्र महाग कार्यक्रमांइतके देखणे नाही. पण त्याची सूत्रे उघडी आहेत. विकत घेतलेल्या विमानात झीज कोणत्या नियमाने वाढते हे शिक्षकाला पाहता येत नाही; ती निर्मात्याच्या अंदाजावर असते आणि तो अंदाज आपण विश्वासाने घेतो. इथे शिक्षक किंवा हुशार विद्यार्थी सूत्र वाचू शकतो, त्यातला आकडा बदलून परिणाम पाहू शकतो.

एक गैरसमज आमचाही होता. जितक्या दांड्या जास्त तितके विमान खरे, असे आम्ही धरून चाललो होतो. मग जर्मन फॉके-वुल्फ १९० समोर आले. त्याच्या बीएमडब्ल्यू ८०१ इंजिनावर 'कोमांडोगेरेट' नावाचे यंत्र होते. वैमानिकाने एक दांडी हलवली की ते मिश्रण, प्रोपेलर, दाब या सर्वांचा मेळ स्वतः घाली. या विमानाचा सिम्युलेटर एकाच दांडीवर चालत असेल तर तो सोपा केलेला नाही, तो खरा आहे.

सेसनाचा बर्फ

आता एक प्रसंग. फ्लाइटगिअरमधले सेसना आम्ही दमट हवेत, २५ अंश तापमानात उतरणीला लावले. थ्रॉटल जवळजवळ बंद होता. एक विद्यार्थिनी चालवत होती. काही वेळाने फेरे हळूहळू घटू लागले. तिने पुस्तिकेत वाचले होते की कार्बुरेटरला गरम हवा द्यावी. तिने ती दांडी ओढली. फेरे आणखी पडले, इंजिन खडखडले. घाबरून तिने दांडी लगेच परत ढकलली. थोड्या वेळात इंजिन बंद पडले आणि विमान शेतात उतरले.

वर्गात हशा झाला. पण खऱ्या विमानात हीच चूक जिवावर बेतू शकते, आणि ती घडते नियम माहीत असूनही. पेट्रोलची वाफ होताना आणि अरुंद घशातून जाताना हवेचा दाब उतरताना कार्बुरेटरमधले तापमान वीस अंशांहूनही अधिक खाली येऊ शकते. माठातले पाणी गार होते त्याचाच हा भाऊबंद. म्हणून आपल्याला घाम येईल अशा हवेतही आत बर्फ धरतो आणि घसा चोंदतो. गरम हवा दिली की दोन गोष्टी होतात. गरम हवा विरळ असल्याने ताकद आधी घटते. शिवाय वितळलेले पाणी सिलिंडरात जाते, म्हणून खडखडाट. थोडा धीर धरला तर बर्फ जातो आणि फेरे पुन्हा चढतात. फेरे आधी घटून मग वाढले, हाच बर्फ होता याचा पुरावा.

दुसऱ्या दिवशी त्याच मुलीने आम्हाला प्रश्न टाकला. "प्रोपेलरचे फेरे गव्हर्नरने बांधलेले असतील तर बर्फ धरल्याचे कळणार कसे?" सेसनाच्या प्रोपेलरचा कोन पक्का असतो, म्हणून तिथे फेरे पडतात. गव्हर्नर असलेल्या विमानात फेरे जागचे हलणार नाहीत. पडेल तो मॅनिफोल्डचा दाब. उत्तर तिनेच काढले. आमच्या मते त्या महिन्यांतली ही सर्वांत मोठी कमाई.

लिंडबर्गची कसोटी

सिम्युलेटर कारणांवर चालतो की नियमांवर, हे पाहायला एक ऐतिहासिक कसोटी उपयोगी पडते. १९२७ साली एकट्याने अटलांटिक ओलांडणारा चार्ल्स लिंडबर्ग १९४४ मध्ये नागरी तंत्रज्ञ म्हणून न्यू गिनीत अमेरिकेच्या ४७५ व्या लढाऊ गटाबरोबर होता. हा गट दोन इंजिनांची पी-३८ विमाने वापरत असे. लिंडबर्ग परत आला की त्याच्या टाक्यांत इतरांपेक्षा बरेच पेट्रोल उरलेले असे. त्याची रीत अशी: फेरे मिनिटाला १६०० पर्यंत उतरवायचे, मिश्रण पातळ ठेवायचे आणि मॅनिफोल्डचा दाब मात्र चढा ठेवायचा. ताशी सुमारे १८५ मैल वेगाला तासाचा खर्च सुमारे ७० अमेरिकी गॅलनांवर येई. वैमानिकांना धास्ती वाटली की याने इंजिने खराब होतील. तसे झाले नाही, आणि विमानांचा पल्ला वाढला.

आजही अनेक वैमानिक एक ठोकताळा शिकतात: दाबाचे इंच फेऱ्यांच्या शेकड्यापेक्षा जास्त नसावेत. म्हणजे २३०० फेऱ्यांना २३ इंच. लिंडबर्गची जोडी या ठोकताळ्यात बसत नाही. अनेक इंजिनांच्या पुस्तिकाही त्याच्या बाहेरच्या जोड्या मान्य करतात. ठोकताळा घाटातल्या ठोक्यांपासून वाचवतो, हे खरे. पण मध्यम ताकदीला, पुस्तिकेने आखलेल्या मर्यादेत, कमी फेरे आणि उघडा थ्रॉटल फायद्याचे असतात. फेरे कमी म्हणजे घर्षण कमी. थ्रॉटल उघडा म्हणजे सिरिंजवरचे बोट सैल, म्हणून हवा ओढण्याचे कष्ट कमी. आणि सावकाश फिरणारा प्रोपेलर बहुधा आपले काम जास्त कार्यक्षमतेने करतो.

हा प्रयोग वर्गात असा करता येईल. गव्हर्नरचा प्रोपेलर असलेले विमान घ्या. उंची आणि वेग ठरवा. त्या विमानाच्या पुस्तिकेत मान्य असलेल्या तीन जोड्या निवडा: जास्त फेरे-कमी दाब, मध्यम-मध्यम, कमी फेरे-जास्त दाब. प्रत्येक जोडीने तोच वेग टिकवा आणि तासाचा पेट्रोलखर्च लिहा. महत्त्वाचे म्हणजे आकडे पाहण्यापूर्वी प्रत्येक मुलाकडून अंदाज आणि त्याचे कारण लिहून घ्या. कार्यक्रम जर ताकदीला एका ठरीव आकड्याने गुणून खर्च काढत असेल तर तिन्ही खर्च जवळजवळ सारखे येतील. मग त्या सिम्युलेटरात लिंडबर्गला काहीच सापडले नसते, असे मुलांना खुशाल सांगा. हेही शिकण्यासारखेच आहे.

दुसरी सोपी कसोटी तापमानाची. पूर्ण ताकदीवरून थ्रॉटल मागे घ्या आणि सिलिंडरच्या डोक्याचे तापमान दर पंधरा सेकंदांनी नोंदवा. आलेख काढा. शेजारी गरम पाण्याच्या पेल्याचा आलेख काढा. न्यूटनचा शीतलनाचा नियम शिकलेल्या मुलांना दोन्ही वक्रांतले साम्य दिसले पाहिजे: आधी उतार तीव्र, मग मंद. विमानाचा वेग वाढवला तर उतार आणखी तीव्र व्हायला हवा. काटा टुणकन उडी मारून खाली आला तर त्या इंजिनाला वजनच नाही असे समजावे.

तिसरी कसोटी उद्याची. आज इंजिनाला त्रास द्या, उद्या तेच विमान उघडा. काही आठवते का, पाहा.

जे पडद्यावर येत नाही

तिन्ही कसोट्यांना उतरलेला कार्यक्रमही खरे इंजिन नव्हे. सीटमधून कळणारी थरथर, गळक्या ऑइलचा वास, खर्चाच्या बिलाची धास्ती यांतले काही पडद्यावर येत नाही. सर्वांत मोठा फरक म्हणजे थांबवण्याची कळ. आमची मुले अडचण आली की ती कळ दाबत आणि चर्चा करत. शिकण्यासाठी हे वरदान आहे, पण त्यामुळे आपल्याला इंजिन सांभाळता येते असा भास होतो. खरे विमान त्या विमानाच्या पुस्तिकेबरहुकूम आणि प्रशिक्षक शेजारी असतानाच चालवायचे असते, हे विद्यार्थ्यांना स्पष्ट सांगायला हवे. वर दिलेले आकडेही त्या त्या इंजिनाचे आहेत, ते दुसऱ्याला लावायचे नसतात.

मग आमची शिफारस काय? शाळेने महागडा कार्यक्रम घेण्याची गरज नाही. फुकट मिळणाऱ्या कार्यक्रमापासून सुरुवात करावी. पहिल्या तासाला सोयी चालू ठेवाव्यात आणि मग एकेक बंद करत जावे. प्रत्येक सोय बंद करताना ती आतापर्यंत आपल्यासाठी काय करत होती, हे मुलांना शोधायला लावावे. युद्धाचे खेळ वापरायचे तर घड्याळाच्या मर्यादेवर चर्चा घडवावी: ही मर्यादा धातूने ठरवली की माणसांनी? आणि संगणकाशेजारी टेबलावर एक सिरिंज, एक थर्मामीटर आणि गरम पाण्याचा पेला जरूर ठेवावा. पडद्यावर जे दिसले ते हाताला लागले नाही तर त्याचा पुन्हा पाठच होतो.

आपण आपल्या वर्गात लिंडबर्गचा प्रयोग केलात तर तिन्ही जोड्यांचे आकडे आणि मुलांचे आधीचे अंदाज आम्हाला जरूर कळवा. अंदाज चुकले असतील तर ते आधी पाठवा.